४१२२ला घरी सोडा!

नेनिता दुमलाव व्हीलचेअरच्या चाकात अडकलेलं चादरीचं टोक ओढून काढत होती, तेवढ्यात ब्रिजिट टिश्यूपेपरचा रिकामा खोका घेऊन तिच्यापुढे येऊन उभी राहिली. खोक्यात चिठ्ठ्या होत्या.

“काढ एक,” ब्रिजिट म्हणाली.

“जास्तीची ड्यूटी असेल तर मला दिसत नाही, ऐकूही येत नाही.”

“अगं बाई, चांगलं आहे! मनःस्वास्थ्य समितीची योजना आहे.”

ब्रिजिट आमच्या हॉस्पिटलची समाजसेविका. शिवाय लॉकडाऊन लागल्यापासून ती मनःस्वास्थ्य समितीची अध्यक्ष, चिटणीस आणि एकुलती एक सभासदही होती. समितीने याआधी पहाटेची योगासनं ठेवली होती. त्याला तीन माणसं आली आणि तिसरा एक्स-रेची खोली शोधत आलेला होता. पण ब्रिजिट हार मानणाऱ्यातली नव्हती. आता तिने जोड्या लावायच्या ठरवल्या होत्या. चिठ्ठीत हॉस्पिटलच्या आतल्या फोनचा चार आकडी नंबर. ज्याच्या हाती चिठ्ठी लागेल त्याने रोज दुपारी चार वाजता त्या नंबरवर फोन करायचा आणि दहा मिनिटं बोलायचं. पलीकडच्याने फोनपाशी बसून राहायचं. नाव सांगायचं नाही, हुद्दा सांगायचा नाही, कामाचं बोलायचं नाही आणि आजाराचं तर मुळीच नाही. झाडूवाला आणि हृदयाचा डॉक्टर दोघांनी माणसासारखं बोलावं, एवढाच हेतू.

नेनिताने चिठ्ठी काढली. नंबर होता ४१२२.

पेशंटना खुर्चीवर बसवून एक्स-रेकडे, तिथून वॉर्डात, वॉर्डातून दारापर्यंत ने-आण करणं हे नेनिताचं काम. दिवसाला बारा-तेरा किलोमीटर चालणं सहज व्हायचं. घरी सासूबाई होत्या, त्यांची फुप्फुसं आधीच नाजूक, म्हणून नेनिता पाच आठवड्यांपासून हॉटेलात राहत होती. हॉस्पिटलच्या माणसांसाठी त्या हॉटेलने एक मजला उघडून दिला होता. रोज संध्याकाळी नवरा दोन्ही मुलींना घेऊन हॉटेलखालच्या बर्फात उभा राहायचा आणि चौघं काचेतून हात हलवायची. कॅनडातल्या विनिपेगच्या डिसेंबरात उणे अठ्ठावीसला हात हलवणं फार वेळ जमत नाही. मग मुली जायच्या आणि नेनिता पडदा ओढून उशीत तोंड खुपसून रडून घ्यायची. चिठ्ठी तिने जपून खिशात ठेवली.

आता वाचकांना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे डोकं खाजवावं लागणार नाही. ब्रिजिटने नंबर घेतले होते जुन्या यादीवरून. ४१२२ हा अकरा वर्षं थीसनसाहेबांच्या ऑफिसचा नंबर होता. थीसनसाहेब म्हणजे आमच्या सगळ्यांच्या ड्यूट्या लावणारे. पण पेशंट वाढले तसे चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसांचे वॉर्ड झाले. साहेबांची रवानगी तळघरात मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी झाली, त्यांना नवा नंबर मिळाला, आणि त्यांच्या जुन्या खोलीत, खोली नंबर ४१२ मध्ये, पलंग टाकला गेला. फोन मात्र भिंतीवर तसाच राहिला. नंबर बदलल्याचं परिपत्रक साहेबांनी काढलं होतं. साहेबांची परिपत्रकं कुणी वाचत नसे.

त्या पलंगावर होते ओरेस्ट मेल्निचुक. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं शहरात बस चालवून निवृत्त झालेले, विधुर. घरी सिर्को नावाचा म्हातारा कुत्रा होता, तो सध्या शेजारणीकडे.

पहिल्या दिवशी चारला फोन वाजला तेव्हा ओरेस्टनी तो सहाव्या घंटीला उचलला.

“नमस्कार. मी तुमची चार वाजताची जोडीदार.”

“माझी? कुणी पाठवली?”

“हॉस्पिटलने.”

“च्यायला! इथं सूप गरम मिळत नाही, आणि जोडीदार पाठवतात!”

नेनिता खळखळून हसली. आवाज खरखरीत होता, दर चार शब्दांनी दम लागत होता, पण मास्कमधून बोलणाऱ्या माणसाचं असंच होतं. तिने नियम समजावून सांगितले. ओरेस्टना वाटलं, पेशंटनी एकमेकांना धीर द्यावा म्हणून हॉस्पिटलने काढलेली ही युक्ती असणार. बरी युक्ती आहे, असंही वाटलं.

“मग तुला काय म्हणू?”

“काहीही म्हणा. मी तुम्हाला दादा म्हणते.”

“आणि मी पोरी म्हणतो. किती दिवस झाले गं तुला, पोरी?”

“घर सोडून? छत्तीस.”

“अरे देवा. मला एकोणीस.”

“एकोणीस दिवस घरी सोडलं नाही तुम्हाला?”

“घरी? ही खोली सोडून बाहेर पाय टाकू देत नाहीत!”

दहा मिनिटं म्हणता म्हणता पंचवीस झाली. त्या दिवशी मुली हात हलवून गेल्यावर नेनिता रडली नाही. दादाने सांगितलेला बसमध्ये शिरलेल्या बकरीचा किस्सा आठवून ती अंधारात एकटीच हसत बसली.

मग रोजचंच झालं. पण जसजसे दिवस जात होते तसतशी नेनिता चक्रावत चालली. दादाला पहाटे पाचला उठवतात. दिवसभर कुणी ना कुणी येऊन उठाबशा काढायला लावतं. जेवण तर असं, की त्याच्या कुत्र्याने नाक मुरडावं. शुक्रवारी घरी सोडतो म्हणाले, शुक्रवारी म्हणाले सोमवारी बघू.

“आणि तुम्ही ऐकून घेता?” नेनिता चिडली.

“काय करू? त्यांच्या हातात आहे सगळं.”

फोन ठेवून ती तरातरा निघाली ती थेट रोशेल देजार्लेकडे. रोशेल आमच्या युनियनची पुढारी. तिचा आवाज असा, की आपत्कालीन भोंगा बंद पडला तर हॉस्पिटलचं अडलं नसतं.

“पंचवीस दिवस?” रोशेलने सँडविच खाली ठेवलं. “एकही सुट्टी नाही? कुठल्या खात्यातला आहे?”

“ते विचारायचं नाही.”

“नाव?”

“तेही नाही. फक्त नंबर, ४१२२.”

“वा! माणसाला नाव नाही, नुसता नंबर. आणि खोलीत कोंडून राबवतायत. वय काय?”

“बोलण्यावरून तरी निवृत्तीला आलेला वाटतो.”

“म्हाताऱ्याला उठाबशा!” रोशेल उभीच राहिली. “थीसन! हे त्या थीसनचंच काम!”

थीसनसाहेबांवर आळ येणं साहजिक होतं. रजेचा अर्ज घेऊन कुणी गेलं की साहेब चष्म्यावरून बघत आणि एकच शब्द बोलत, “बघतो.” त्या बघण्यातून फार थोडे अर्ज जिवंत परत येत.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक खात्याच्या फळ्यावर कागद लागला: ‘४१२२ला घरी सोडा!’ तिसऱ्या दिवशी धुलाईखान्याने त्याचे बिल्ले केले. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बायकांनी जाहीर केलं, की ४१२२ कोण ते कळलं तर त्याला आम्ही स्वतःच्या हाताने गरम सूप पाठवू. कुणी त्या नंबरवर फोन करून बघू म्हणालं, तर रोशेलने डोळे वटारले. “वरच्यांना सुगावा लागला तर बिचाऱ्याचं जगणं मुश्किल करतील. चारचा फोन सोडून कुणी हात लावायचा नाही!” महिनाभर जी माणसं डोळ्यांनीच रामराम करून एकमेकांच्या बाजूने निघून जात होती, ती आता थांबून विचारू लागली, “काय गं, सुटला का आपला ४१२२?” मनःस्वास्थ्य समितीला जे तीन महिन्यांत जमलं नव्हतं ते एका न पाहिलेल्या माणसाने आठवड्यात केलं. ब्रिजिटने स्वतः सही केली. यादी आपलीच होती हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

इकडे चौथ्या मजल्यावर वेगळंच शिजत होतं. ओरेस्ट बरे झाले होते. प्राणवायूची नळी निघाली, अहवाल स्वच्छ आला, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. मुख्य नर्स मॉरीन कपड्यांची पिशवी घेऊन आली.

“चला आजोबा, घरी!”

“मी नाही जात.”

“म्हणजे?”

“आधी त्या पोरीला सोडा. मग मी जातो.”

“कुठली पोरगी?”

“कुठल्या वॉर्डातली ते सांगत नाही, नियम आहे. पण अठ्ठेचाळीस दिवस झाले तिला! एका खोलीत ठेवलंय. जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवतात, दिवसातून दोनदा ताप बघतात. पोरी येऊन खालून हात हलवतात आणि हिला खिडकी उघडता येत नाही! तुमच्यापैकी एक जण तिच्याकडे बघत नाही. मी माझ्या घरी जाऊन कुत्रा कुरवाळत बसू? आणि उद्या चारला तिचा फोन आला आणि इथं कुणी उचललाच नाही, तर?”

मॉरीनने सगळ्या वॉर्डांत चौकशी केली. अठ्ठेचाळीस दिवस राहिलेली, दोन मुलींची आई अशी पेशंट हॉस्पिटलात नव्हती. मॉरीनने ब्रिजिटला बोलावलं आणि दोघी दाराबाहेर हलक्या आवाजात बोलल्या. नसलेल्या बाईसाठी जो माणूस घरी जायला नकार देतो, त्याला घरात एकटं कसं सोडायचं? ब्रिजिटने आत जाऊन त्यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ओरेस्टनी दोनपर्यंत बिनचूक वजा केले, पण शेवटी म्हणाले, “तेवढं त्या पोरीचं बघा.” ब्रिजिटने जड मनाने कागद भरला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात जागा होती. तिथे कुत्रे चालत नव्हते.

“घरी नाही?” ओरेस्टनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडला होता. “सात जानेवारीला आमचा, जुन्या पंचांगाचा, नाताळ असतो. सिर्को दाराशी बसून राहील.”

“थोडे दिवस, आजोबा,” ब्रिजिट म्हणाली. ते थोडे दिवस किती असतात ते तिला ठाऊक होतं, ओरेस्टनाही ठाऊक होतं.

वृद्धाश्रमाची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला येणार होती. त्याच दुपारी अडीचला एकशे त्रेचाळीस सह्यांचं निवेदन घेऊन रोशेल आणि नेनिता तळघरात उतरल्या.

थीसनसाहेब टेबलावर डोकं ठेवून बसले होते. कोपऱ्यात घडीचा पलंग, त्यावर चुरगळलेलं पांघरूण. रोशेलने ठरवलेलं भाषण सुरू केलं.

“साहेब, हे आता खपवून घेतलं जाणार नाही! या हॉस्पिटलात एक माणूस आहे. त्याला पहाटे पाचला उठावं लागतं. धड जेवण नाही. महिना झाला, त्याने घर पाहिलेलं नाही. तो कुणाला काही बोलत नाही, पण आम्ही डोळे मिटून बसलेलो नाही. ४१२२ला ताबडतोब घरी सोडा!”

साहेबांनी कागद हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, सह्या बोटाने मोजत गेले. आणि मग आमच्या आख्ख्या हॉस्पिटलात कुणी कधी पाहिलं नव्हतं ते झालं. थीसनसाहेबांचे डोळे भरून आले.

“महिना नाही,” ते म्हणाले. “चाळीस दिवस. पण मोजलंत तरी कुणीतरी.”

रोशेलने कोपऱ्यातल्या घडीच्या पलंगाकडे पाहिलं.

“मला वाटलं होतं, मी इथं खाली आहे हेसुद्धा कुणाला आठवत नसेल. त्या जोड्यांच्या योजनेत मीही नाव दिलं होतं. रोज चारला फोनपाशी बसतो. एकदाही वाजला नाही. म्हटलं बरोबरच आहे, आपल्याशी कोण बोलणार? रजा नाकारणारा माणूस.” साहेबांनी रुमाल काढला. “आणि तुम्ही एकशे त्रेचाळीस जण! धुलाईखानासुद्धा!”

“साहेब,” नेनिताने चाचरत विचारलं, “४१२२ म्हणजे...”

“माझाच की! अकरा वर्षं माझाच नंबर. चौथ्या मजल्यावर, खोली ४१२. आता तिथं पेशंट असतो, पण तुम्ही मला अजून त्याच नंबराने ओळखता.”

“पेशंट,” नेनिता म्हणाली.

“पेशंट,” रोशेल म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती हळू बोलली होती.

नेनिताला एकेक आठवत गेलं. दम लागणं. उठाबशा. सूप. तेवढ्यात तिच्या कमरेचा पेजर वाजला. चौथ्या मजल्यावरचा खुर्चीवाला आजारी पडला होता, त्याच्या जागी हिला बोलावणं होतं. खोली ४१२, एक पेशंट, खुर्ची, खाली वृद्धाश्रमाच्या गाडीपर्यंत. पेशंट हट्टी आहे, सांभाळून.

तिने लिफ्टची वाट पाहिली नाही. एक व्हीलचेअर तिने चौथ्या मजल्यावरच उचलली आणि ४१२चं दार ढकललं. आत मॉरीन आणि ब्रिजिट पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. मध्ये कोट-टोपी घातलेला एक उंच, वाळलेला म्हातारा दोन्ही हातांनी पलंगाचा कठडा धरून बसला होता.

“चार वाजेपर्यंत हलणार नाही,” तो सांगत होता. “तिला निरोप तरी देऊ द्या. मग न्या कुठं न्यायचं ते.”

नेनिताच्या तोंडावर मास्क, त्यावर पारदर्शक ढाल. धावल्यामुळे तिला दम लागला होता.

“दादा,” ती म्हणाली. “मी चार वाजताची. आज जरा लवकर आले.”

कठड्यावरचे हात सुटले. ओरेस्ट तिच्याकडे बघत राहिले.

“पोरी? सोडलं तुला?”

“मला धरलेलंच नव्हतं, दादा. मी इथं कामाला आहे.”

“मग तो दाराबाहेरचा डबा?”

“हॉटेल.”

“आणि ताप?”

“तिथं सगळ्यांचाच बघतात. सासूबाई आजारी असतात ना, म्हणून घरी जात नाही.”

“भले! आणि मी इथं तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडतोय!”

“आणि मी तुमच्यासाठी एकशे त्रेचाळीस सह्या घेतल्या!” नेनिता रडत होती आणि हसतही होती, त्यामुळे ढालीवर आतून वाफ धरली. “तुम्हाला घरी सोडा म्हणून!”

ब्रिजिट मटकन पलंगावर बसली. तिच्या छातीवर ‘४१२२ला घरी सोडा!’ हा बिल्ला होता. तिने आधी भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं, मग बिल्ल्याकडे, मग हातातल्या वृद्धाश्रमाच्या कागदाकडे.

“म्हणजे ती बाई आहे,” मॉरीन म्हणाली.

“आहे,” ब्रिजिट म्हणाली. “यांचं डोकं ठिकाणावर आहे. माझंच कुठं आहे ते बघायला हवं.” आणि तिने तो कागद टराटरा फाडला.

ओरेस्ट खुर्चीवर बसले. नेनिताने त्यांच्या गुडघ्यांवर पांघरूण नीट केलं.

“खरं सांगू, पोरी?” ते हळूच म्हणाले. “तुझा फोन यायच्या आदल्या दिवशी मी ठरवलं होतं, बास झालं. बायको गेली, आता आपणही जावं. मग तू आलीस. म्हटलं, ही आपल्याहून वाईट स्थितीत आहे, आधी हिला घरी पोचवू. त्यासाठी रोज ते थंड सूप प्यायलो.”

नेनिताने खुर्ची ढकलायला सुरुवात केली. बरा झालेला पेशंट निघाला की दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवायची आमच्याकडे पद्धत होती. त्या दिवशी बातमी आधीच खाली पोचली होती. धुलाईखाना, स्वयंपाकघर, प्रयोगशाळा, सगळे आले होते, बिल्ले लावून. ओरेस्टनी बिल्ले वाचले आणि टोपी काढून छातीशी धरली. दाराशी एका बाईने त्यांच्या हातात थर्मास ठेवला. सूप होतं, वाफाळणारं. वृद्धाश्रमाची गाडी रिकामी परत गेली आणि ओरेस्ट टॅक्सीने सिर्कोकडे गेले.

तळघरात मात्र पंचाईत होऊन बसली होती. थीसनसाहेबांनी त्या आनंदात टेबलावरचे रजेचे सगळे अर्ज मंजूर करून टाकले होते, सत्तावीसच्या सत्तावीस.

“तीन वर्षांचं युनियनचं काम दहा मिनिटांत झालं, तेही चुकून,” रोशेल नेनिताला म्हणाली. “पण खरं सांगायला हवं ना त्यांना?”

“काय खरं?” नेनिता म्हणाली. “चाळीस दिवस ते घरी गेले नव्हते, हे खोटं आहे का?”

निवेदन साहेबांनी चौकटीत घालून भिंतीवर लावलं. आमच्यापैकी कुणी आजतागायत तोंड उघडलेलं नाही. मी इथं लिहितोय ते एवढ्याच भरवशावर, की आमच्या हॉस्पिटलात मराठी वाचणारा मी एकटाच.

सात जानेवारीला हॉटेलच्या दाराबाहेर जेवणाच्या डब्याशेजारी आणखी एक डबा होता, बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्यांनी गच्च भरलेला. वर चिठ्ठी होती: ‘पोरी, खा. सिर्कोने नाक मुरडलं नाही.’

पण ते पुढचं. ओरेस्ट घरी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला नेनिता फोनपाशी आली. सवयीने तिचं बोट ४१२२वर गेलं, तिथेच थांबलं. मग तिने थीसनसाहेबांचं ते न वाचलेलं परिपत्रक फळ्यावरून शोधून काढलं आणि त्यातला तळघराचा नंबर फिरवला.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

“नमस्कार,” ती म्हणाली. “मी तुमची चार वाजताची जोडीदार. मला यायला जरा उशीर झाला.”

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“हरकत नाही,” साहेब म्हणाले. “मी इथंच होतो.”